शेजारच्या खाटेवरची पिशवी

"त्याची किती भरली गं?" मी नर्सला विचारलं.

"आर्गिरीसकाका, स्वतःचं बघा!" देस्पिना म्हणाली.

माझं काय बघायचं? माझ्या लघवीच्या पिशवीत तळाला बोटभर, काळ्या चहासारखं. शेजारच्या खाटेवर पेरिक्लीस, आणि त्याची पिशवी टम्म फुगलेली. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला कुणाच्या मुताचा हेवा वाटला, आणि तोही या मेल्याच्या!

आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं तो उजवीकडे उभा राहून गातो, मी डावीकडे. आवाज माझा बरा, हे अख्ख्या व्होलोसला ठाऊक आहे. पण मान उजवीकडच्याचा. हृदयाची झडपही दोघांची एकाच वर्षी आखडली. गुरुवारी मांडीतून नळी घालून दोघांना नवी बसवली. तिथेही नंबर त्याचाच आधी.

"तुमची मूत्रपिंडं नाजूक आहेत," डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. "तपासणीसाठी रंगाचं औषध सोडतो, ते बाधतं. आधी भरपूर पाणी प्या."

पण ते दिवस ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या सुरुवातीचे. सोमवार ते बुधवार पेरिक्लीस दरवर्षी निर्जळी करतो आणि गावभर कौतुक करून घेतो. यंदा मीही केली. बायकोने पाणी पुढे केलं, तर तिच्यावर खेकसलो. डॉक्टरीणबाईंना 'प्यायलो की' म्हणून ठोकून दिलं.

शेवटी राहवेना. "निर्जळी करून एवढी भरते कशी रे तुझी?"

"यंदा निर्जळी? खुळा की काय! फादरच म्हणाले, आजाऱ्याला उपास नाही. घागरभर प्यायलो." मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. "आर्गिरीस, तू नाही ना...?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

झडप झकास चालते. मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आठवड्यातून तीनदा त्याच इस्पितळात डायलिसिसच्या यंत्राला जोडून घेतो. दिवसाला दोन पेले पाणी, सूप धरून.

ईस्टरच्या आदल्या दुपारी पेरिक्लीस तिथे आला. खुर्ची ओढून माझ्या डाव्या हाताला बसला.

"रात्रीच्या प्रार्थनेला तुला यायला जमायचं नाही. ईस्टरचं स्तोत्र आत्ताच म्हणून घेऊ."

तो गायला लागला. घसा कोरडा पडला तशी देस्पिनाने पाण्याचा पेला आणला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"नको, पोरी."

वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकला. पुढची ओळ मी घेतली.