बिनरंगाचे हेमचंद्र

रोमन बाईचे गुलाबी ओठ हेमचंद्र सरांना खपले नाहीत, आणि दीप्तीचं डोकंच सटकलं.

बाई म्हणजे संगमरवराचं मुंडकं, अठराशे वर्षांपूर्वीचं. मालक हेमचंद्र, मूळचे पुण्याचे, आता परदेशात, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत बडे साहेब. दीप्तीने त्याच शहरातल्या बुकित बातोकच्या लॅबमध्ये ते मुंडकं स्कॅन केलं, खास प्रकाशात फोटो काढून दगडात अडकलेले रंगाचे कण हुडकले आणि पडद्यावर बाईला पुन्हा रंगवलं. गुलाबी ओठ, तपकिरी बुबुळं, डोक्यावरून निळा पदर! शनिवारी प्रदर्शनात ते लोकांना दाखवायचं होतं. वर्षभर राबली होती पोरगी.

"जत्रेतली बाहुली वाटतेय," सर म्हणाले. "पांढरं कसं, घरंदाज दिसतं. रंग काढ, नाहीतर मूर्ती प्रदर्शनाला मिळणार नाही."

"सर, ती रंगीतच होती. पुरावा आहे."

"पुरावा ठेव तुझ्याजवळ. उद्या बायकोला घेऊन येतो, पांढरी तयार ठेव."

घ्या! वर्षाची मेहनत पाण्यात. दीप्तीला रडू फुटत होतं, पण गप्प रडत बसेल तर ती दीप्ती कसली? याच माणसाने मागच्या महिन्यात हौसेने स्वतःचंही डोकं स्कॅन करून घेतलं होतं, मिशीला ताजा कलप लावून. दीप्तीने ती फाइल उघडली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सर आणि सुरेखाताई खुर्च्यांवर बसले. दीप्तीने पडदा चालू केला.

पडद्यावर हेमचंद्र. डोळ्यांत बुबुळं नाहीत, ओठांना रंग नाही, काळीकुळकुळीत मिशी खडूसारखी पांढरी.

"अगं बाई!" सुरेखाताई किंचाळल्या. "फक्त हार घालायचा राहिलाय!" आणि पोट धरून हसत सुटल्या.

"हा मी नाही!" सर उसळले.

"तुम्हीच सर. नाक, कान, सुरकुत्या, सगळं जसंच्या तसं. नुसता रंग काढलाय. घरंदाज."

सरांचा हात आपोआप मिशीकडे गेला. मग पुढे वाकून ते त्या कोऱ्या डोळ्यांकडे बघू लागले.

"मेल्यासारखा दिसतोय गं मी," ते हळूच म्हणाले.

"इतकी वर्षं तीही तशीच दिसतेय, सर," दीप्ती म्हणाली. तिला त्या बाईची खरंच दया येत होती.

सरांनी पडद्याकडे पाठ फिरवली.

"तिला राहू दे रंगीत. जा, दाखव शनिवारी. पण आधी मला रंगव, लवकर!"