तोंडापर्यंत भरलेली पेटी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, अंगभर गंज चढलाय, कुलूप तर कात्रीने उचकटलेलं आहे. पण एके काळी माझ्यावाचून या वस्तीचं पान हलत नव्हतं. ऐका तर खरं.

खाणीतल्या वेल्डरने उरल्यासुरल्या पत्र्यातून मला घडवलं. लाल रंग दिला, वर चिठ्ठी जाईल एवढी फट ठेवली आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर ठोकलं. खाणीच्या आधी इथे होतं काय? दगड, वारा आणि एक पायवाट. आजारी माणसाला खाटेवर घालून दिवसभर चालावं लागे. खाण आली आणि तिच्यामागून पक्का रस्ता आला, दहावीपर्यंतची शाळा आली, दोन खाटांचा दवाखाना आला, घरोघरी नळ आले. उगाच कशाला नावं ठेवू? खाणीने दिलं ते भरभरून दिलं.

आणि त्यातलं काही बिघडलं की लोक माझ्याकडे यायचे. नळ गळतोय, टाका चिठ्ठी. शाळेचा दिवा गेला, टाका चिठ्ठी. संध्याकाळी ऑफिसातला कारकून मला उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी फिटर पिशवी खांद्याला लावून दारात हजर. एक रीत मात्र सगळ्यांनी पाळली. दुसऱ्याची चिठ्ठी वाचायची नाही, पेटीला हात लावायचा नाही. पेटी उघडायची ती कंपनीने. एका सासूबाईंनी तर 'सून ऐकत नाही' अशीही चिठ्ठी टाकली होती. फिटर बिचारा गेला, त्यांचा नळ तपासला, चहा प्यायला आणि परत आला.

खरं सांगू? मला गर्व झाला होता. सगळी वस्ती माझ्या फटीपुढे मान वाकवते म्हटल्यावर कोणाला होणार नाही!

फक्त एका बाईचा मला राग यायचा. ती शिंपीणबाई. कामगारांचे गणवेश शिवायला कंपनीने तिला मशीन दिलं होतं. ते पहिल्यांदा अडलं तेव्हा तिनेही चिठ्ठी टाकली. पण फिटर आला तर ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघत बसली. हे काय, ते का काढलं, उलटं बसवलं तर काय होईल? विचारून विचारून तिने त्याचं डोकं खाल्लं. त्यानंतर मशीनसाठी तिची चिठ्ठी कधी आली नाही. मी म्हटलं, काय शिष्ट बाई आहे! चूक माझी होती, हे कळायला फार उशीर झाला.

जमिनीतला माल संपला आणि खाण बंद व्हायची ठरली. फिटरला काळजी पडली ती पाण्याच्या पंपाची. त्याने घरोघरी जाऊन सांगितलं की रविवारी पंपघराशी या, पंप खोलून दाखवतो, दोन तासांचं काम आहे. शिंपीणबाई तेव्हा लेकीच्या सासरी गेली होती. बाकी कोणी फिरकलं नाही. दुकानदार माझ्यासमोरच हसत म्हणाला, "ही कंपनी गेली तर दुसरी येईल. पेटी कुठे जातेय?" आणि मी, मूर्ख, ते ऐकून फुलून गेले.

फिटर दुपारपर्यंत वाट बघत बसला. कंपनीचा शेवटचा ट्रक सुटायच्या आधी तो माझ्याकडे आला. पंपघराची किल्ली आणि चित्रं काढून लिहिलेला एक कागद त्याने दोऱ्याने बांधला आणि माझ्या फटीतून आत सोडला. "माणसांना सांगून दमलो," तो म्हणाला. "निदान तुला तरी कोणी उघडेल."

वर्षभर पंप आपसूक चालला आणि एका सकाळी बंद पडला. लोक आले, दुसरी कंपनी येऊन उघडेल या आशेने चिठ्ठ्या टाकून गेले. पंपघराला कुलूप, आणि कंपनीच्या कुलपाला हात लावायचा नाही, ही इथली जुनी सवय. नर्सबाई ओढ्यावरून कळश्या आणायच्या, पाणी उकळायच्या आणि दवाखाना कसाबसा चालवायच्या. बाळंतपणं करायची तर पाणी हवंच. त्यांनी एकोणीस चिठ्ठ्या टाकल्या. एकोणीसच्या एकोणीस त्या किल्लीवर येऊन पडल्या. 'खाली बघा!' असं ओरडावंसं वाटायचं मला. पण पत्र्याला कुठली वाचा? मला फट होती ती फक्त गिळायला.

शेवटी तालुक्याहून सरकारी हुकूम आला. पाणी नाही तिथे बाळंतपणं नकोत, दवाखाना बंद. नर्सबाई गेल्या तेव्हा बायका रस्त्यापर्यंत रडत गेल्या. आणि परत येऊन काय केलं? 'नर्सबाईंना परत पाठवा' अशा चिठ्ठ्या टाकल्या!

शिंपीणबाईही आली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला घरी येणार होती. तिने चिठ्ठी फटीत सारली, पण ती आत जाईना. घडी बारीक केली, तरी जाईना. मी तोंडापर्यंत भरले होते. तिने माझं कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि मग पिशवीतून मोठी कात्री काढली.

कुलूप तुटलं आणि साठलेल्या चिठ्ठ्या तिच्या पायांवर पडल्या. सगळ्यात खाली किल्ली होती. कागद वाचता वाचता ती तिथेच मातीत बसली.

पंपातला एक वायसर झिजला होता, एवढंच. खाणीतल्या जुन्या पट्ट्याच्या रबरातून तिने कात्रीने नवा कापला. मोजून दोन तास लागले. नळांना पाणी आलं तशी पोरंबाळं नाचायला लागली. दुकानदार मात्र मान वर करेना.

"किल्ली इथेच होती," शिंपीणबाई म्हणाली. "आपण तिच्यावर चिठ्ठ्या टाकत होतो."

बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! दवाखान्याच्या नळाला आता पाणी आहे आणि दवाखान्याला कुलूप आहे.

मित्रांनो, कोणी तुम्हाला काही दिलं तर ते जरूर घ्या. पण देणाऱ्याच्या खांद्यावरून वाकून बघा, त्याचं डोकं खा, ते दुरुस्त कसं होतं ते शिकून घ्या. दिलेलं मोडतं. शिकलेलं शिंपीणबाईच्या हातात राहिलं, म्हणून आज पाणी आहे.

आज सकाळी तिने 'पाणी आलं, परत या' एवढंच लिहिलं. सवयीने तिचा हात माझ्या फटीपाशी आला, आणि थांबला. तिने कागद कनवटीला खोचला आणि पहिल्या बसने ती स्वतःच नर्सबाईंकडे गेली. लेक घरी आली आहे, तिला नववा लागलाय. बस संध्याकाळी परत येते. मी फाटकाशी आहे, शिंपीणबाई एकटी उतरते की दोघी, हे आधी मलाच दिसेल.