डावं पारडं

"आली! आली!"

आचार्यांनी आरोळी ठोकली आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. मेजावरच्या पितळी तराजूचं डावं पारडं खाली जाऊन बसलं होतं. पारड्यात होता एक साधा शिंगाचा कंगवा. तो ज्या बाईचा होता तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचा मुलगा, पन्नाशीचा बसचालक, मेजाशी गुडघे टेकून लहान मुलासारखा "आई, आई" म्हणून रडत होता.

"पाहिलंत?" आचार्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "लोक विचारतात, आत्मा म्हणजे काय? कुणी म्हणतं जीव, कुणी प्राण, कुणी चैतन्य. डॉक्टर म्हणतात, असं काही नसतंच. मी म्हणतो, आहे! आणि जे आहे त्याला वजन असलंच पाहिजे. ही श्रद्धा नव्हे हो, हे शास्त्र आहे. कंपनं! ऊर्जा! तराजू कधी खोटं बोलतो का?"

शब्दकोशात जितके अर्थ असतील तितके आचार्यांच्या खिशात होते. ज्याला जो लागेल तो ते काढून देत. रडणाऱ्याला माया, शिकलेल्याला ऊर्जा, आजाऱ्याला प्राणशक्ती. ज्याला काहीच कळत नसे त्याला तिन्ही एकदम देत.

शेवटच्या रांगेत, मांडीवर चष्म्याचं घर घेऊन काटेकाका बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले, म्हणून सगळे त्यांना काटेकाका म्हणत. चष्मा त्यांच्या बायकोचा. तिला जाऊन दहा महिने झाले होते, आणि बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या या वरच्या मजल्यावर काका गेले सात रविवार येत होते.

काकांच्या आठवड्याचं काय सांगावं? सोमवार ते शनिवार त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जाई, मुलगा परदेशी, आणि बायको गेल्यापासून भांडायलाही घरात कुणी नव्हतं. रविवारी मेजासमोर उभं राहिलं की आधी घसा खाकरावा लागे, कारण तिथला "अगं, ये ना" हा त्यांचा आठवड्यातला पहिला शब्द असे. मग पारडं खाली जाई, काकांना भरून येई आणि ते घरी जाऊन पुन्हा आठवडाभर गप्प बसत.

आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला काही दिसलं नाही? दिसलं होतं, पहिल्याच रविवारी. मोकळा तराजू झुकला की दोनचार हेलकावे खातो आणि मग स्थिर होतो. हे पारडं खाली जाई आणि खालून कुणी धरून ठेवल्यासारखं बसून राही. काकांच्या नजरेला ते कळलं होतं, पण कळलं तरी वळेल असं थोडंच असतं? आपण कुठे तराजू तपासायला आलोय, असं त्यांनी मनाला बजावलं आणि ते पुढच्या रविवारची वाट बघत बसले.

काकांच्या भिंतीपलीकडे एक ताई राहत होती. ती शिवणकाम करायची. दिवसभर तिच्या मशीनचा आवाज भिंतीतून येई आणि काकांना तेवढीच सोबत वाटे. तिला फिट येण्याचं दुखणं होतं. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र चार वर्षांत एकही आली नव्हती. तिची नऊ वर्षांची मुलगी तापात गेली होती. एका रविवारी तिथून परतताना काकांनीच तिला सांगितलं, म्हणून ती आचार्यांकडे येऊ लागली. तीन रविवार तिने मुलीची रिबीन पारड्यात ठेवली आणि तिन्ही वेळा पारडं जागचं हललं नाही.

शुक्रवारी दुपारी मशीन थांबलं आणि पाठोपाठ धप्पकन आवाज आला. काका धावले. ताई मशीनखाली पडली होती, तोंडाला फेस होता आणि सुई बोटात घुसून मोडली होती. काकांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली कापडाचा गठ्ठा सरकवला आणि आधी आचके थांबू दिले. मग डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. फळीवर गोळ्यांची डबी होती. तिचं सील फोडलेलंही नव्हतं.

"गोळ्या का बंद केल्यास?"

"आचार्य म्हणाले, काका," तिचा आवाज खोल गेला होता. "गोळ्यांनी तुझ्या आत्म्यावर झाकण बसलंय, म्हणून लेक येऊन परत जाते. गोळ्या सोडल्या की येईल. या रविवारी नक्की येईल बघा."

काका घरी आले. बायकोचा चष्मा हातात घेऊन संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसून राहिले. तोंड उघडायचं म्हणजे रविवार संपला. आठवड्यातून एकदा, निदान खोटीखोटी का होईना, ती येत होती. तीही आता येणार नव्हती. काकांना रडू आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि त्याच्या घरात ठेवला.

रविवारी ते ताईला हाताला धरून पहिल्या रांगेत बसले. आपली पाळी आली तसे उठले. आचार्यांनी चष्मा डाव्या पारड्यात ठेवला, उजव्यात छोटी पितळी वजनं टाकली आणि दांडी सरळ झाली. मग नेहमीप्रमाणे हात पसरून त्यांनी डोळे घट्ट मिटले. उघड्या डोळ्यांना आत्मा बुजतो, असं ते सांगत.

"ये, मायेच्या ओढीने ये! प्राणाच्या वाटेने ये..."

काट्याच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, तराजूची शंका आली की माल पालटा. डावीकडचा उजवीकडे ठेवा आणि उजवीकडचा डावीकडे. खोट मालात असेल तर मालाबरोबर जाते, तराजूत असेल तर जागच्या जागी राहते. काकांनी शांतपणे चष्मा उचलून उजव्या पारड्यात ठेवला आणि वजनं डाव्यात. सभागृहात कुजबुज झाली. आचार्य आपल्याच रंगात होते.

डावं पारडं खाली गेलं.

"आली!" आचार्य डोळे मिटूनच ओरडले. "पाहा, चष्म्यावर येऊन बसली!"

"अहो, चष्मा तर वर गेला!" पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. आचार्यांनी डोळे उघडले, चष्म्याकडे बघितलं, मग वजनांकडे बघितलं.

"आत्मा मुक्त असतो," ते म्हणाले. "तो कुठेही बसेल."

"बसू दे की," काका म्हणाले. "फक्त तिला आता जरा या बाजूला येऊन बोलवा. मेजामागून नको, इथे माझ्याशेजारी उभे राहा."

आचार्य जागचे हलेनात. बसचालकाने त्यांना दंडाला धरून पुढे आणलं. त्यांनी हात पसरले, डोळे मिटले, माया, प्राण आणि ऊर्जा अशा तिघांनाही बोलावून पाहिलं. दांडी सरळच्या सरळ.

काकांनी मेजावरची चादर ओढली. डाव्या पारड्याच्या बरोबर खाली, फळीला आतून, तारेचं वेटोळं गुंडाळलेला लोखंडी गट्टू बसवला होता. तिथून एक वायर बॅटरीतून खाली, आचार्य उभे राहत तिथल्या पायपट्टीला जात होती. काकांनी डावं पारडं उलटं केलं. तळाला पितळी रंग दिलेली लोखंडी चकती चिकटवलेली होती.

"ताई, एखादी टाचणी आहे?"

शिवणाऱ्या बाईच्या अंगावर टाचणी नसेल तर कुणाच्या असेल? तिने पदरातली काढून मेजावर, डाव्या पारड्याच्या जागी ठेवली.

"आता पायपट्टी दाब. तूच दाब."

तिने पाय ठेवला. टाचणी टुणकन फळीवर उभी राहिली. पाय काढला, आडवी पडली. पुन्हा ठेवला, उभी राहिली. ताईने हे चार वेळा केलं. पाचव्यांदा पाय उचलताना तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"म्हणजे ती येत नव्हती असं नाही," ती हळू म्हणाली. "यांनी पाय ठेवला नव्हता."

आचार्य मागच्या जिन्याकडे सरकत होते. बसचालक आधीच जिन्यात जाऊन उभा राहिला होता. पण लोकांचा राग त्यांच्यावर नव्हता, काकांवर होता. "तुमचं काय जात होतं हो?" एक जण ओरडला. "बरं वाटत होतं आम्हाला! आणि एवढे जाणकार, तर सात रविवार काय झोपला होतात?"

काकांनी घसा खाकरला.

"झोपलो नव्हतो. पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मला ती यायला हवी होती, म्हणून गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याने ही पोर परवा मेली असती." ते सगळ्यांकडे वळले. "आपण कुणी मूर्ख नाही. आपण एकटे आहोत, आणि एकट्या माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही, एक बॅटरी पुरते. रडायचं तेवढं रडा. पण कुणी औषध सोडा म्हणाला, तर आधी माल पालटून बघा. जो पालटू देत नाही त्याच्या मेजाखाली वाकून बघा."

लोक खुर्च्या सरकवत निघून गेले. बसचालकाने पोलिसांना बोलावलं होतं. जाताना त्याने कंगवा शर्टाच्या खिशात जपून ठेवला, काकांशी मात्र बोलला नाही.

घरी येताना ताईने विचारलं, "मग काका, आत्मा म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक? मी काटेवाला." ते थोडं चालले. "आमच्या घरात त्यासाठी निराळाच शब्द होता, जीव. ही म्हणायची, तुमचा सगळा जीव त्या काट्यांत. कधी म्हणायची, तुमच्यामुळे जीव टांगणीला लागतो. दवाखान्यात शेवटी म्हणाली, जिवाला जपा. यातलं काहीच तराजूत घालता येत नाही. पण शेवटचं करता येतं."

सोमवारी सकाळी नऊ वाजता काकांनी भिंतीवर दोनदा ठकठक केलं.

"गोळी घेतलीस?"

"घेतली, काका," पलीकडून आवाज आला. "तुम्ही चहा घेतलात?"

घेतला नव्हता. काकांनी तसं मोठ्याने सांगितलं, आणि सांगताना त्यांना घसा खाकरावा लागला नाही.