शेवटचा फर्मा

प्रकाशकांनी कादंबरीचं बाड टेबलावरून परत सरकवलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "भाषा झकास आहे हो तुमची. फक्त शेवट तेवढा बदला. तिला घरी परत आणा."

"कुणाला?"

"अहो, तुमच्या नायिकेला. शेवटी वाचक रडला पाहिजे. चिडला तर तो पुस्तक विकत घेत नाही."

"परत यायचं होतं तर ती गेली कशाला? हवा खायला?" नंबरताईनं विचारलं आणि बाड पिशवीत कोंबून ती तडक जिना उतरली. पायऱ्या संपेपर्यंत तिचा नुसता तिळपापड झाला होता.

नंबरताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांकडे दाराजवळच्या टेबलाशी बसून पेशंटचे नंबर पुकारायचे, हे तिचं काम. आवाज असा खणखणीत, की सुजलेल्या गालाचा माणूससुद्धा दचकून उभा राहायचा. नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. दादाच्या घरातली मागची खोली तिची. तिथे बसून तिनं ही कादंबरी लिहिली. "तुझीच गोष्ट ना गं?" असं कुणी डोळे बारीक करून विचारलं, की ती म्हणायची, "वाच आणि ठरव." आणि विषय बदलायची.

तर आता छापायची कशी? स्वतः छापायची! दुसरं काय? प्रकाशकाच्या नाकावर टिच्चून छापायची. पैसे बेताचे, म्हणून कागद स्वस्तातला घेतला. मुखपृष्ठाला एकच रंग, अक्षरं तिनं स्वतःच्या हातानं काढलेली. दादा म्हणाला, "हौसेला मोल नाही वगैरे ठीक आहे, पण लोक काय म्हणतील याचा विचार कर." ती म्हणाली, "लोकांनी आधी विकत घ्यावं, मग काय म्हणायचं ते म्हणावं." त्यानंतर दादानं पुस्तकाचा विषयच टाकला. जेवताना मीठ मागायचं, तेही वहिनीमार्फत.

प्रेसमधून छापील कागद गेले खळकाकांकडे. खळकाका म्हणजे बाइंडर. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून खळकाका. त्यांचं काम सांगायला सोपं आहे. मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्याच्या घड्या घालतात, त्या घडीला म्हणायचं फर्मा. असे फर्मे ओळीनं एकावर एक ठेवायचे, शिवायचे, वर मुखपृष्ठ चिकटवायचं, झालं पुस्तक. ओळ मात्र चुकता कामा नये.

पुस्तकं आली. नंबरताईनं गठ्ठा सोडला, वास घेतला आणि एकटीच खोलीत बसून खुदकन हसली. एक प्रत दादाच्या टेबलावर नेऊन ठेवली. एक, निव्वळ खोडसाळपणानं, प्रकाशकांना पाठवून दिली.

आणि काय सांगावं, दोनच दिवसांत जेवताना दादा आपणहून बोलला.

"वाचलं मी. चांगलं केलंस."

नंबरताईचा घास हातातच राहिला. वहिनी वाढता वाढता थांबली.

"मला धास्ती होती, की तू नको ते लिहिशील," दादा म्हणाला, "पण शेवटी परत आणलीस तिला. शहाणपणा केलास."

"कुणाला परत आणली?"

"तिलाच की. बाहेर पडायला निघते, कडी काढते आणि मग विचार बदलून चहा टाकते. बरं वाटलं मला वाचून."

नंबरताई ताटावरून उठली. हात न धुताच तिनं दादाच्या टेबलावरची प्रत उघडली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. शेवटून दुसरा फर्मा दोनदा लागला होता. शेवटचा फर्मा लागलाच नव्हता. दोनदा लागलेला तो फर्मा संपत होता असा: 'तिनं कडी काढली आणि'. पुढे पान उलटलं, की तोच फर्मा पुन्हा सुरू: 'चहाचं आधण ठेवलं.' म्हणजे बाई दारापर्यंत गेली, कडी काढली आणि चहाचं आधण ठेवलं! मग पुन्हा तीच सकाळ, तीच बोलणी, तेच उष्टं-खरकटं, पुन्हा दार, पुन्हा कडी आणि पुस्तक खलास.

जे प्रकाशकाच्या सांगण्यावरून तिनं केलं नव्हतं, ते खळकाकांनी फुकटात करून दिलं होतं.

सकाळी ती त्यांच्या दारात हजर. खळकाकांनी एकेक प्रत उलटून पाहिली आणि कपाळावर हात मारला. कपाळालाही खळ लागली. "अर्धा गठ्ठा गेला की हो ताई. दोन ढीग शेजारी शेजारी होते. चष्मा बदलायचाय कधीचा."

"काका, तुम्ही माझ्या बाईला परत स्वयंपाकघरात नेऊन बसवलंत!" नंबरताईचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "किती मुश्किलीनं बाहेर काढलं होतं मी तिला!"

"उसवून पुन्हा शिवतो. पण कागद हलका आहे, फाटणार. निम्म्या तरी हातच्या जातील." खळकाका खालमानेनं उठले आणि कोपऱ्यातून एक गठ्ठा ओढून आणला. त्या चुकलेल्या प्रतींचे शेवटचे फर्मे तिथेच पडून होते, घड्या घातलेले, कोरे करकरीत. नंबरताईला रडूच कोसळलं. मग रडताना आपण कशाकशासाठी रडतोय हे तिलाही कळेना, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि दवाखाना गाठला.

तिथे फोन वाजत होता. प्रकाशक!

"अहो, काय लिहिलंय तुम्ही! मी चक्क चकित झालो. तीच सकाळ पुन्हा, तेच दार पुन्हा आणि कादंबरी संपते कुठं, तर 'आणि' या शब्दावर! केवढं धाडस! आधी का नाही बोललात? मी छापतो. अशीच्या अशी. मोठ्या दुकानांत दर्शनी फळीवर लावतो."

नंबरताई एकदा फोनकडे आणि एकदा समोरच्या भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघत राहिली. खोटं कशाला बोला, तिला मोह पडला. काचेमागे आपलं पुस्तक, त्यावर आपलं नाव, येणारेजाणारे थांबून बघतायत. आयुष्यात तिच्यासाठी कुणी कधी थांबलं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिनं तोंडही उघडलं.

"ती चूक आहे," तोंडातून निघालं ते हे. "बाइंडरची. माझी बाई परत येत नाही."

"मग ती चूक राहू द्या ना! बोलू नका कुणाला."

"मी नाही बोलले तर तिच्या बाजूनं बोलणार कोण?"

"हे बघा, तुमचे पैसे संपलेत, जाहिरात नाही, दुकानं तुम्हाला दारात उभं करत नाहीत. पलंगाखाली पडून राहतील पुस्तकं. नीट विचार करा." त्यांनी फोन ठेवला.

घरी दादानं ऐकलं आणि हात जोडले. "अगं, चालून आलंय सगळं! चार पानांसाठी कशाला आडमुठेपणा करतेस?" नंबरताई काही बोलणार, तोच वहिनी आतून बाहेर आली. ती एरवी दादापुढे अवाक्षर काढायची नाही. म्हणाली, "वन्सं, ती चार पानं मला वाचायला द्याल?" नंबरताईनं पिशवीतून एक सुटा फर्मा काढून तिच्या हातात ठेवला. वहिनी तो घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आतून दार लोटून घेतलं. त्या संध्याकाळी भात लागला आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

वहिनीची शेवट वाचायची ती ओढ बघून नंबरताईच्या डोक्यात प्रकाश पडला. वाट बघत बसलेला माणूस काय वाटेल ते वाचतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दातांच्या धास्तीनं लोक दवाखान्यात खताच्या जाहिरातीसुद्धा तोंडपाठ करत होते. तिनं चुकीच्या सगळ्या प्रती गोळा केल्या आणि जिथे जिथे माणसं ताटकळतात, तिथे नेऊन ठेवल्या. पार्लरमध्ये, गॅरेजमध्ये, इस्त्रीवाल्याकडे, एक्स-रेच्या बाकावर. शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवली: 'ती परत आलेली नाही. शिवणीत चूक झाली आहे. खरा शेवट फुकट मिळेल.' खाली दवाखान्याचा फोन. चिठ्ठ्या चिकटवायला खळ खळकाकांनी दिली, आणि निम्म्या चिठ्ठ्या स्वतः बसून चिकटवल्या.

आणि मग काय विचारता! फोनवर फोन. इस्त्रीवाल्याची सासू म्हणाली, "बाई, गेली ना ती? मग सुटले मी." गॅरेजवाला म्हणाला, "दोनदा चहा टाकला तेव्हा मी पाना फेकून मारणार होतो." लोक दवाखान्यात यायचे, शेवटचा फर्मा न्यायचे आणि जाताना नीट शिवलेली अख्खी प्रतही विकत घ्यायचे, बहिणीला, मैत्रिणीला. डॉक्टर कुरकुरले, "ताई, इथं दात काढतात की पुस्तकं?" "दोन्ही," नंबरताई म्हणाली, "तुमची गिऱ्हाइकं पण वाढलीत, बघा जरा." डॉक्टरांनी भरलेल्या बाकाकडे पाहिलं आणि पुढचा पेशंट आत घेतला.

प्रकाशकांच्या कानावर हे गेलंच. एके दुपारी ते स्वतः दवाखान्यात हजर झाले. हातात करारनामा. नंबरताईला वाटलं आता सुधारले असतील, पण छे. "खपतंय म्हणतात! बघा, गूढ आहे म्हणून खपतंय. तुम्ही तो शेवट वाटून गूढ घालवताय. वाटणं बंद करा, इथे सही करा. 'आणि'वरच संपवू."

"बसा," नंबरताई म्हणाली, "तुमचा नंबर आला की बोलावते." बाकावरचे पेशंट गाल धरून हसले. प्रकाशक बसले.

फोन वाजला.

"तुम्ही त्या पुस्तकवाल्या का?" बाईचा आवाज होता, अगदी दबलेला. "पार्लरमध्ये वाचलं मी ते."

"हो, मीच. पत्ता सांगा, पानं पाठवते."

"नको, नको. घरी काही पाठवू नका. तुम्ही वाचून दाखवाल? आत्ता घरात कुणी नाही."

नंबरताईनं खणातून फर्मा काढला. प्रकाशक हातानं खुणा करत होते, नका सांगू, नका सांगू. तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि वाचायला लागली. रोज नंबर पुकारायची त्याच आवाजात. पुस्तकातली ती बाई पायऱ्या उतरते. शेजारीण हाक मारते, ती थांबत नाही. कोपऱ्यावर बॅग या हातातून त्या हातात घेते आणि चालू लागते. आतून डॉक्टर ओरडले, "ताई, पुढचा नंबर!" सुजलेल्या गालाचा पुढचा नंबरवालाच म्हणाला, "थांबा हो डॉक्टर, संपत आलंय."

वाचून झालं. प्रकाशक हळूच म्हणाले, "बघा, सगळं सांगून टाकलं की राहतं काय?"

"एक विचारू?" फोनवरचा आवाज म्हणाला. "तिनं त्या बॅगेत काय काय घेतलं होतं?"

नंबरताईनं पान पुन्हा वर-खाली पाहिलं. "ते पुस्तकात नाही."

"बरं. असू दे. ठेवते मग."

"ठेवू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली, की प्रकाशकांच्या हातून करारनामा पडला. "पुस्तकात नाही, पण मला माहीत आहे. ती बॅग माझी होती. ऐकताय ना? घाबरू नका. पेन घ्या आणि लिहा. आधी कागदपत्रं. तुमची स्वतःची, आणि मुलं असतील तर त्यांचीही."