हळद, चुना आणि कैरीची फोड

चारुशीलेनं चैत्रगौरीपुढं निरांजन लावलं खरं, पण स्तोत्राच्या मधल्या ओळीच गळून जात होत्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घ्यावं, तर डोळ्यांपुढं गौरीऐवजी दुर्गाबाईचं कपाळ यायचं.

कालचीच गोष्ट. राजापेठेतल्या घराच्या ओसरीवर ती पाचसात मुलींना शिकवायची. नवरा, कमलाकांत, शाळेत मास्तर. त्याच्याकडून जे कळेल ते ती मुलींना द्यायची. काल चैत्राचं हळदीकुंकू, म्हणून मुलींच्या आयांनाही बोलावणं होतं. आधी धडा, मग पन्हं आणि आंब्याची डाळ. पोरी काय शिकतात ते आयांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणजे घरोघरी नाकं मुरडणं थांबेल, असा तिचा हिशेब.

तिनं ताटलीत तांदूळ आणि मसूर कालवले. "हे मिश्रण. निवडायला बसलं की दोन्ही पुन्हा जसेच्या तसे."

"बाई, आमचे बाबा कापसात पानी मारून गठ्ठे बांधतात, थे बी मिश्रनच ना?" शकुननं विचारलं.

ओसरी हसण्यानं दणाणली. शकुनची आई दुर्गाबाई लाल झाली. "गप वं कार्टे! घरच्या गोठी चव्हाट्यावर सांगून राहिली!"

तिचा नवरा सूर्यभान कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला गेला होता. तिकडं अमेरिकेत लढाई लागल्यापासून कापसाला सोन्याचा भाव, त्यामुळं सगळे पुरुष गाड्यांबरोबर वाटेवरच. पण सूर्यभानची परतायची वेळ टळून गेली होती, आणि अकोल्यात पटकीची साथ असल्याचं गाडीवाले सांगत होते. कमलाकांतही शाळेच्या कामानं तिथंच गेलेला.

मग चारुशीलेनं दुसऱ्या ताटलीत हळद घेऊन तिच्यात चुना कालवला. रंग लालभडक झाला. "हे संयुग. हळद गेली, चुना गेला, तिसरंच काही झालं. आता हे पुन्हा पिवळं व्हायचं नाही. कधीच नाही."

"अवं, हे त कुंकूच झालं!" दुर्गाबाईनं आपसूक बोट बुडवून कपाळी लावलं. समोर आलेलं कुंकू कोणती बाई नाकारील?

पन्ह्याचे पेले फिरले. दुर्गाबाईच्या बोटांवर पन्हं सांडलं, त्याच बोटांनी तिनं कपाळाचा घाम पुसला. शेजारची माणिकबाई किंचाळली, "दुर्गे, तुयं कुंकू!"

कपाळावर नुसता पिवळा डाग उरला होता.

दुर्गाबाईनं कपाळ चाचपलं. "मास्तरीनबाई, तुमी त म्हनल्या, पुन्हा पिवळं कधीच नाई होत." शकुनचं मनगट धरून ती निघून गेली, आणि तिच्यामागून एकेक करून बाकीच्याही.

रात्रभर चारुशीलेचा डोळा लागला नाही. पहाटे उठून ताटलीतल्या लालीच्या एका कडेला तिनं कैरीची फोड घासली. पिवळं. म्हणजे हे आंबटाचं काम. हे जाऊन सांगायला हवं. पण नुसती ताटली दाखवून दुर्गाबाईला कुठं पटणार होतं? ती भ्यायली होती ते कपाळावरचं कुंकू गेलं म्हणून.

म्हणून न्हाऊन झाल्यावर चारुशीलेनं ताटलीतलंच लाल स्वतःच्या कपाळी लावलं, आणि आता गौरीपुढं तिला स्तोत्राचे शब्द आठवत नव्हते. नैवेद्य दाखवला, तोंडात काही न घालता कैरीची फोड पदराच्या गाठीला बांधली आणि निघाली. रस्ताभर गाड्यांमधून उडालेला कापूस अंगाला चिकटत होता. दोनदा तिला वाटलं, माघारी फिरावं.

दुर्गाबाई ओट्यावर बसली होती. "शकुन येनार नाई आता. काहून आल्या तुमी?"

"हे पाहा. माझ्या कपाळी कालचंच आहे, त्याच ताटलीतलं."

बोलता बोलता चारुशीलेनं गाठ सोडली. फोड कपाळापर्यंत नेली आणि हात तिथंच अडला. गौरीचं नाव घेऊन तिनं ती घासली. आंबट रस डोळ्यांत उतरला.

"अवं माय! काय करून राहिल्या!" दुर्गाबाईनं तिचा हात धरला. "तुमच्या घरचे बी त अकोल्यालेच हायेत!"

"आहेत ना."

"भेव नाई वाटत?"

"वाटतं. म्हणून तर हात मधेच अडला होता." चारुशीला हळूच म्हणाली. "आंबट लागलं की हा रंग जातो, दुर्गाबाई. मी करून न पाहताच 'कधीच नाही' म्हणाले. चुकलं ते माझं. तुमच्या कपाळाला बोल लावू नका."

दुर्गाबाईनं तो पिवळा डाग निरखला. मग तिनं कमरेची चंची सोडली, पानाचा चुना बोटावर घेतला आणि चारुशीलेच्या कपाळाला टेकवला. बोटाखाली लाल उमटलं. तिनं बोट काढलं, पुन्हा टेकवलं.

"तरी मन त गाड्याकडंच लागून राहीन," ती पुटपुटली.

"माझंही तिकडंच आहे."

दाराआडून शकुन बाहेर आली. "बाई, मंग हे संयुग हाय का मिश्रन?"

चारुशीलेनं तोंड उघडलं. पाठ केलेलं उत्तर जिभेवर होतं, ते तिनं गिळलं. "मला ठाऊक नाही गं. उद्या ये, करून पाहू."

शकुननं आईकडं पाहिलं. दुर्गाबाईनं चंचीची दोरी गुंडाळली, कमरेला खोचली.

"जाय," ती म्हणाली. "पन तिथं पन्हं पिऊ नोको."