ज्वारी भरलेले मोजे

अंबूबाईला सुनेचा संशय आला तो मोज्यांवरून. जयराजचे गुडघ्यापर्यंतचे जुने मोजे दोरीवर वाळत होते, ते गायब झाले. जयराज तिचा एकुलता एक मुलगा. पाण्याचा टँकर घेऊन जत तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालायचा, त्याला मोज्यांचं कसलं सोयरसुतक? पण अंबूबाईच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग सुनेच्या, पूजाच्या नडगीवर काळानिळा डाग दिसला, पाठोपाठ कोपरावर.

"कशानं लागलं गं?"

"काय न्हाई आत्याबाई, धडपडले."

एवढं धडपडायला अंगण काय डोंगर होता? आणि आपला लेक बायकोवर हात टाकणारा नव्हे, हे अंबूबाईला पक्कं ठाऊक होतं. त्यात मेंढवाड्याच्या मागच्या भिंतीवर धुळीचे गोल उमटलेले दिसले, परातीएवढे, शेजारी शेजारी. जनावर अंग घासतं तेव्हा असे गोल उठत नाहीत. त्याच आठवड्यात दोन मेंढ्यांनी गाभ टाकला, आणि अंबूबाईचं जेवणावरून मन उडालं. मेंढरं हाच तिचा संसार होता. नवरा गेल्यावर त्यांच्याच जिवावर तिनं पोर वाढवलं होतं.

शेवटी कडब्याच्या गंजीत हात घातला तर हेच मोजे. टाचेपर्यंत ज्वारी भरलेली, वर करकचून गाठ. अंबूबाईनं हात असा मागे घेतला की जणू आत विंचूच होता.

शेजारची हरणाबाई अशा कामात भलतीच हुशार.

"करणीच हाय ही," ती डोळे मोठे करून म्हणाली. "पायातल्या कापडात अन्न बांधतंय व्हय कोण चांगल्या मनानं?"

"आजच जयराजला सांगती. जाऊंदे तिला खंडाळ्याला, म्हायेरी."

"अन् ती न्हाई म्हनली तर? आधी उलटव. आत टोचल्यालं बिब्बं घाल, मीठ घाल, व्हती तशी गाठ मार. ज्याची हाय त्याच्याकडं माघारी जाईल."

अंबूबाईनं दाभण तापवून बिब्बे टोचले. पळीनं उचलून ते एका मोज्यात सोडले, वर मीठ ओतलं. बोटाला रस लागू दिला नाही. बिब्बा कसा उततो हे तिनं मेंढरांच्या खुरांना डागताना जन्मभर पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा गंजीकडे गेली, तशी अंबूबाई बाभळीआड उभी राहिली. आता हिचा मंत्र ऐकायचाच.

पूजानं मोबाईल दगडावर टेकवला आणि भिंतीला नाक लावून उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक मोजा धरून ती फिरवू लागली. दोन्ही बरोबर, मग एक वर असताना दुसरा खाली. भिंतीला मोजा घासला की जीभ चावून पुन्हा सुरू. म्हणजे भिंतीवरचे गोल हे! मोजे सरळ फिरावेत म्हणून ती भिंतीला खेटत होती.

मग ती मोकळ्या जागेत आली. हात एकमेकांवरून आरपार घेत तिनं पुढ्यात जणू वेणी घातली. मोजे या खांद्यावरून त्या खांद्यावर असे सरसर जायचे की धरायला गेलं तर हाती लागू नयेत. पूजा हसत होती. या घरात आल्यापासून तिला असं हसताना अंबूबाईनं पाहिलं नव्हतं.

खेळ होता हा. निव्वळ खेळ!

"आता पाठीमागं," पूजा स्वतःशीच म्हणाली.

एक मोजा बिब्ब्यामिठानं जड झालेला, अंबूबाईला ते दिसत होतं. 'थांब गं' एवढंच ओरडायचं होतं. पण ओरडलं तर मोज्यात काय आहे ते सांगावं लागणार. ती गप्प राहिली. जरा वेळच गप्प राहिली, पण तेवढ्यात जड मोजा खांद्यावरून चुकला आणि पूजाच्या कपाळावर, डोळ्यापाशी बसला.

कापडातून झिरपलेल्या बिब्ब्याच्या रसानं संध्याकाळपर्यंत अर्धं तोंड सुजलं, कातडीवर फोड आले. डॉक्टर म्हणाले, डोळा थोडक्यात वाचला. घरी येताच जयराजनं मोजा फरशीवर रिता केला. ज्वारी, मीठ, काळे बिब्बे. त्याचा चेहरा उतरला.

"आये, करणी केलीया कुणीतरी हिच्यावर."

"मी घातलं," अंबूबाई म्हणाली. "हिचीच करणी समजून घातलं."

पूजानं सुजलेलं तोंड सासूकडे वळवलं.

"पोई म्हणत्यात त्याला," ती म्हणाली. "लांबच्या बेटावरल्या लोकांचा खेळ हाय. मोबाईलवर बघून शिकत व्हते, मग गावच्या शाळंतल्या पोरींना शिकवणार व्हते. धान्य मोज्यात भरलं म्हणून तुमी रागवाल, तेवढ्यासाठी लपवलं वं आत्याबाई."

ती खंडाळ्याला गेली नाही. फोड सुकले, भुवईवर डाग राहिला. आता ती अंगणातच, सगळ्यांदेखत मोजे फिरवते, आणि शेजारच्या पोरी शिकायला येतात. फक्त आधी खाली बसून दोन्ही मोज्यांच्या गाठी सोडते, ज्वारी परातीत ओतून बोटांनी चाळते आणि मग पुन्हा भरते. अंबूबाई ओट्यावरून बघत असते.

परवा अंबूबाईनं तिच्यासाठी स्वतःहून चहा केला, आलं ठेचून. पूजानं कप घेतला, हातात धरून बसली. सासूनं आपल्या कपातला घोट घेईपर्यंत तिनं तो तोंडाला लावला नाही.