बेळ्ळंदूरची सातवी गाडी

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? आता असं समजा, की तुम्ही एका उंच, पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसला आहात. गाडी तुमची नाही. तुमची होणार की नाही ते अजून ठरायचं आहे. सीटवर कोरं कव्हर आहे, पायाखाली कोरी मॅट आहे, आणि आत मोगऱ्याचा इतका वास भरलाय की नाकात झिणझिण्या येतात. तुमच्या पोटात गाडीमालकाच्या घरचे पोहे आहेत. बाहेर तुमचे वडील त्याच्याशी बोलताहेत, आणि त्यांच्या नुसत्या आवाजावरून तुम्हाला कळतंय की ते फार दमलेत आणि आता कुठल्याही क्षणी हो म्हणणार आहेत. तुमच्या मांडीवर एक छोटी बॅटरी आहे, एक मोजपट्टी आहे आणि एक पांढरा रुमाल आहे. तिन्हींना तुम्ही सकाळपासून हातसुद्धा लावलेला नाही.

उघडा डोळे. आता तुमच्या जागी मनस्विनीला बसवू या. ती अकरा वर्षांची. घरी सगळे तिला मनू म्हणतात. शनिवारी असं कुणाच्या तरी जुन्या गाडीत जाऊन बसायची तिची ही सातवी खेप होती.

या सगळ्याला कारण होतं तिच्या अज्जांचा खुबा. बेंगळूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांमध्ये आजोबांना अज्जा म्हणतात आणि वडिलांना अण्णा. मनूचे अज्जा, भीमाचार्य, बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घ्यायला त्यांना बसवनगुडीहून थेट इंदिरानगरला न्यावं लागू लागलं. तिथल्या व्यायामाच्या बाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "बसायची जागा गुडघ्याच्या वर चार बोटं हवी. खाली वाकून बसलात तर सांधा निसटेल. आणि व्यायाम चुकवलात तर पाय असाच आखडून राहील."

घरची गाडी छोटी आणि बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरल्यासारखं. उंच टॅक्सी बोलवावी तर चालक बसवनगुडीच्या गल्लीपर्यंत येतो, काठी टेकत येणारा म्हातारा बघतो आणि फेरीच रद्द करतो. दोन व्यायाम असे बुडाले होते. अज्जा तोंडानं काही बोलत नसत, पण पूर्वी ते खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चौदा पावलांत जायचे, आता बावीस लागत. मनूनं मोजली होती. पुढचा व्यायाम सोमवारी होता.

"उंच गाडीच घ्यायला पाहिजे," अण्णा म्हणाले होते, आणि तेव्हापासून त्यांचे सगळे शनिवार जुन्या गाड्या बघण्यात चालले होते. एका गाडीचे दोन दरवाजे उन्हात वेगळ्याच रंगाचे दिसले. एकीचे मीटरवरचे आकडे सांगत होते की ती फारशी फिरलेली नाही, पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत झालेलं. एक तर त्यांना फोटोतच आवडली होती, पण ती ते पोचायच्या तासभर आधी विकली गेली. प्रत्येक वेळी बरोबर उमाजी असायचा, अण्णांच्या ओळखीचा मेकॅनिक. तो जमिनीवर पोतं पसरून गाडीखाली शिरायचा आणि बाहेर येऊन नकारार्थी मान हलवायचा.

आज उमाजी नव्हता. का नव्हता, तेच तर सांगायचं आहे.

गाडीचा मालक फोनवर मराठीत बोलला. अजित त्याचं नाव, पुण्याचा, बेळ्ळंदूरच्या एका उंच इमारतीत राहणारा. बेंगळूरला रस्त्यावर कन्नड, ऑफिसात इंग्रजी आणि मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, असं आयुष्य गेलेल्या अण्णांना परक्या माणसाच्या तोंडून "अहो, या ना घरी" ऐकून काय वाटलं कुणास ठाऊक. फोन ठेवला तेव्हा ते कित्येक दिवसांनी हसत होते.

"उमाजीला सांगायला नको," ते म्हणाले. "आपली माणसं आहेत. त्यांच्या दारात मेकॅनिक घेऊन जायचं म्हणजे त्यांना चोर म्हटल्यासारखंच की."

खाटेवर पडलेल्या अज्जांनी हे ऐकलं. त्यांनी मनूला जवळ बोलावलं आणि उशीखालून बॅटरी, मोजपट्टी आणि रुमाल काढून तिच्या हातात दिला. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पंपाचे भाग तपासले होते.

"समोरचं सगळेच पुसतात, मनू," ते म्हणाले. "जिथं कुणी पुसत नाही, तिथं बघायचं. आणि सीटची उंची तेवढी मोजून आण."

पण बेळ्ळंदूरला पोचल्यावर आधी पाणी आलं, मग पोहे आले, मग चहा. अजितची बायको आसावरी गोड होती. तिनं मनूला विचारलं, "शेव हवी का गं वरून?" आणि उत्तराची वाट न बघता मूठभर घातली.

"मुलगी बघायला आल्यासारखं वाटतंय," अण्णा हसून म्हणाले.

"मग पसंत करूनच जा, दादा!" अजित म्हणाला. "एकदम मेंटेन्ड आहे. आम्ही महिनाअखेरीला पुण्याला शिफ्ट होतोय, नाहीतर विकली नसती."

एवढं खाल्ल्यावर त्यांच्यासमोर गाडीखाली वाकून कसं बघायचं? अण्णांनी बॉनेट उघडलं, आत नजर टाकली, "स्वच्छ आहे हं," म्हणाले आणि बंद केलं. सगळे मिळून रिंग रोडला एक चक्कर मारून आले. चक्कर कसली, गर्दीत पाऊण तास नुसते उभेच होते. पण गाडी शांत चालली, एसी गार होता. परत आल्यावर अण्णा आणि अजित पार्किंगमध्ये उतरून बोलत उभे राहिले आणि मनू एकटीच मागे बसून राहिली. मगाशी मी तुम्हाला बसवलं होतं तिथंच.

"टोकन आत्ता दिलंत तर बरं," अजित म्हणत होता. "चार वाजता अजून एक पार्टी येतेय."

"सरी, सरी," अण्णा म्हणाले. कन्नडमधला हा 'बरं' त्यांच्या तोंडून फार थकल्यावर निघायचा.

मनूलाही दमायला झालं होतं. तिला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. शिवाय पोहे छान होते, आणि ज्यांचे पोहे खाल्ले त्यांच्या गाडीत बॅटरी मारून शोधाशोध करायची तिला लाज वाटत होती. पण सीटची उंची मोजायला तरी काय हरकत होती? ती खाली उतरली आणि जमिनीपासून पट्टी लावली. पंचवीस इंच. अज्जांचा गुडघा अठरा इंचांवर येतो, म्हणजे भरपूर झालं. ती परत आत बसली.

जिथं कुणी पुसत नाही, तिथं. कुठं बरं? कव्हर नवं, मॅट नवी, काचा लखलखीत. सवयीनं तिनं सीटबेल्ट ओढला. मग तिच्या मनात आलं, हा बेल्ट आपण नेहमी कमरेपुरताच ओढतो. आत गुंडाळलेला उरतो, त्याचं काय? तिनं तो ओढला, आणखी ओढला, पार टोकापर्यंत, अडकून थांबेतो.

शेवटचा हातभर पट्टा काळा नव्हताच. मातकट होता, आणि जिथं मातकट संपून काळा सुरू होत होता, तिथं चहाच्या कपात उरते तशी एक सरळ रेघ होती. मनूनं रुमाल चिमटीत धरून त्यावर घासला. रुमालावर राखाडी डाग आला. मग तिनं बॅटरी लावून सीटच्या खाली बघितलं. सीट ज्या बोल्टांनी जमिनीला धरलेली होती, ते चारही गंजून तांबूस झालेले.

गाडी पाण्यात बुडाली होती तर. शोध लागल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. झालं ते एवढंच, की पुढचा शनिवारही गेला असं तिला वाटलं.

"अण्णा," तिनं हाक मारली. "इकडं या स्वल्प, जरा बघा."

अण्णा आले. त्यांनी रुमाल बघितला, पट्टा बघितला, आणि पट्ट्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मागून अजित आला. त्यानंही पट्टा बघितला. पहिली बोलली ती आसावरी. ती पोह्यांचा डबा बांधून घेऊन खाली आली होती, घरी अज्जांसाठी.

"मी म्हटलं होतं तुला," ती नवऱ्याला म्हणाली. "आधीच सांगून टाक म्हणून."

"थोडंसंच पाणी होतं, दादा," अजित म्हणाला. "इथं मोठा पूर आला त्या वर्षी बेसमेंट भरलं होतं. पण सगळं काढून साफ केलंय, वायरिंग चेक केलंय, खूप गोष्टी बदलल्यात..."

"बेल्ट नाही बदलला," मनू म्हणाली.

अण्णा गाडीला टेकून उभे राहिले. मनूला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. उलट तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "चालतेय की गं नीट. आत्ताच बघितलीस ना? सीट उंच आहे. सोमवार आहे. मी किती बघू अजून?"

मनूनं विचार केला, आणि जे मनात होतं तेच बोलली.

"अण्णा, उमाजीमामा सांगत होते ना, पाण्यातनं निघालेल्या गाडीच्या वायरी आतल्या आत कुजतात, आणि दोन-दोन वर्षांनी कधीही बंद पडते. अज्जा आत असताना उड्डाणपुलावर बंद पडली तर? त्यांना चालत खाली कसं आणायचं?"

अण्णांनी डोळे मिटले. मग खिशातला फोन, जो टोकन पाठवायला बाहेर काढला होता, तो परत आत ठेवला.

"नको, अजित," ते म्हणाले.

"दादा, किंमत कमी करतो ना. आपण आपल्याच माणसांत..."

"आपली माणसं म्हणूनच मी वाकून बघितलं नाही," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून की काय, अजितनं मान खाली घातली. "आणि चार वाजता जे येणार आहेत, त्यांना पोहे द्यायच्या आधी हा पट्टा दाखवा."

"मी दाखवीन," आसावरी म्हणाली. तिनं डबा पुढं केला. अण्णांनी क्षणभर तो घ्यायचा की नाही असं केलं, आणि घेतला.

घरी यायला दीड तास लागला. आपल्या बुटक्या गाडीत, सिग्नलामागून सिग्नल. अण्णा एकदाच बोलले. "उमाजीला नेलं असतं तर तोही सीटखाली शिरलाच असता म्हणा," आणि पुढचा सिग्नल लाल होताना बघत राहिले.

अज्जा आपल्या लाकडी खुर्चीत बसून वाट बघत होते. अण्णांनी सगळं सांगितलं आणि चप्पलही न काढता दिवाणावर आडवे झाले.

अज्जांनी रुमाल उलटसुलट करून डाग बघितला. "गाळ," ते म्हणाले. मग रुमालाची घडी घालत, "सीटची उंची किती भरली?"

"पंचवीस."

"एवढी कशाला? अठरावर चार बोटं, मला बाविसानं भागलं असतं." ते स्वतःशीच हसले. "राहू दे. सोमवारी नाही तर बुधवारी जाऊ."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मनूला तेच जास्त लागलं. ती जमिनीवर बसून होती. तिच्या डोळ्यांसमोर अज्जांच्या खुर्चीचे पाय होते. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी अण्णांनी सुताराकडून चार लाकडी ठोकळे आणून त्या पायांखाली घातले होते. खुर्ची तीच होती, कित्येक वर्षं वापरातली. नवी खुर्ची आणायला कुणीच गेलं नव्हतं.

मनू त्या ठोकळ्यांकडे बघत राहिली. मग मोजपट्टी घेऊन उठली आणि बाहेर गेली.

आपल्या गाडीचा पुढचा दरवाजा उघडून तिनं जमिनीपासून सीटपर्यंत पट्टी लावली. अठरा. एका हातानं सीट दाबून पुन्हा लावली. सतरा. बाविसाला पाच कमी. ती आत आली, माळ्याखालच्या कपाटातून काथ्याच्या जुन्या गादीचे दोन तुकडे ओढून काढले, बसलं तरी न दबणारे, पाटासारखे कडक. ते एकावर एक ठेवून तिनं जुन्या चादरीत घट्ट बांधले, सीटवर ठेवले आणि पट्टी लावली. बाविसाला केसभर कमी. ती स्वतः चढून बसली, जोरजोरात हलली. गादी सरकली नाही. अज्जा तिच्याहून वीतभरच उंच; तिनं डोक्यावर हात उभा धरून वीत मोजली, छताला लागली नाही.

मग तिनं आपल्या गाडीचा बेल्ट धरला आणि पार टोकापर्यंत ओढला. बॅटरी लावून बघितलं. काळा होता, शेवटपर्यंत काळा. तिनं तो हळूहळू आत जाऊ दिला, खाली उतरली, आणि घरात येऊन अज्जांची काठी आणि चप्पल त्यांच्या पायाशी आणून ठेवली.